मुक्काम पोस्ट

आपल्याकडे पत्ता लिहिण्याची एक जुनी पद्धत आहे. 'मु. पो. अमुक, ता. तमुक'. मु. म्हणजे मुक्काम आणि पो. म्हणजे पोस्ट. पत्रलेखन शिकवताना वर्गातला एखादा चौकस मुलगा हटकून विचारायचा, "बाई, आम्ही तर तिथेच राहतो, मग मुक्काम कसला?" प्रश्न बिनतोड आहे. मूळ शब्द अरबी, अर्थ थांबण्याची जागा. जिथे चार पिढ्यांचं घर आहे, दारात तुळस आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, त्या जागेलाही आपण मुक्कामच म्हणत आलो. भाषेला माणसापेक्षा जास्त समजतं असं मला कधी कधी वाटतं. असो.

हे सुचायला कारण झालं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं. तो अमेरिकेत असतो. त्याच्या शेजारच्या जोडप्याने निवृत्त झाल्यावर घर विकलं, एक मोठी गाडी घेतली आणि तिच्यातच संसार थाटला. गाडीत ओटा, पलंग, न्हाणीघर सगळं काही. तिकडे अशा गाडीला आर.व्ही. म्हणतात. ही मंडळी बारा महिने फिरतात आणि रात्री शक्यतो फुकट जागा शोधतात. पश्चिमेकडच्या राज्यांत तिथल्या केंद्र सरकारच्या अफाट मोकळ्या जमिनी आहेत. तिथे बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत पैसे न देता राहता येतं, मग जागा बदलायची. त्याने फोनवर विचारलं, "बाई, आपल्याकडे असं काही होतं का हो?"

होतं की! आपल्याकडे रस्त्यावरच्या रात्रीचा इतिहास दोन हजार वर्षांचा आहे. पण तो वाचताना दोन प्रश्न सतत विचारावे लागतात. फुकट मुक्कामाचे पैसे कोणी भरले? आणि दार कोणाला उघडलं?

सुरुवात आपल्या उपनगरापासून करू. बोरिवलीहून विरार लोकल पकडली की सहावं स्टेशन नालासोपारा. हेच प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचं नावाजलेलं बंदर. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याने भरुच, दशपूर, नाशिकजवळचं गोवर्धन आणि आपलं शूर्पारक अशा चार ठिकाणी वाटसरूंसाठी चौसोपी निवारे बांधले. त्यासाठी लेखात 'प्रतिश्रय' असा सुंदर शब्द आहे. शिवाय विहिरी, तळी, बागा. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. दाहानुका म्हणजे आपली डहाणूची नदी. नद्यांच्या दोन्ही तीरांवर बसायला जागा आणि पाणपोया केल्या. आज डहाणू लोकलला लोंबकळणाऱ्यांना हे सांगितलं तर ते हसतील, पण या वाटेवरच्या प्रवाशाची सोय करणं हे राज्यकर्त्याला दोन हजार वर्षांपूर्वी आपलं काम वाटत होतं.

आता खर्चाचं. त्याच लेण्यात उषवदाताचा आणखी एक लेख आहे आणि तो म्हणजे चक्क हिशोबाची वही आहे. लेण्यात पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत म्हणून त्याने दोन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे ठेवले, दरमहा शेकडा एक या व्याजाने. मुद्दल काढायचं नाही, व्याजच वापरायचं. करा हिशोब. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे दोनशे चाळीसच. पै इकडची तिकडे नाही! वर्गात हे गणित मी फळ्यावर मांडायचे, तेव्हा इतिहासाच्या तासाला पेंगणारी मुलंसुद्धा मान वर करायची.

बोरिवलीची कान्हेरी लेणी याच व्यवस्थेतली. शंभरावर लेणी, खडकात खोदलेली पाण्याची टाकी, निजायला दगडी ओटे. भिक्षूंनी एरवी फिरायचं आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं, हा संघाचा नियम. त्या तीन महिन्यांची सोय कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांनी आणि गृहस्थांनी केली, त्यांची नावं तिथे भिंतींवर कोरलेली आहेत. रविवारी डबा घेऊन कान्हेरीला जाणाऱ्यांनी एकदा त्या ओट्यांवर टेकून पाहावं. बाराही महिने फिरणाऱ्या माणसालाही पावसाळ्यात छप्पर लागतंच, हे तिथे न सांगता कळतं.

पुढची पंधरा-सोळा शतकं ओलांडून अहिल्याबाई होळकरांपाशी येऊ. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडी गावी १७२५ साली धनगर कुटुंबात जन्मलेली ही मुलगी. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी राज्य केलं आणि काशी, गयेपासून सोमनाथपर्यंत देवळं, घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. आपल्या राज्याच्या हद्दीबाहेर, दुसऱ्याच्या मुलखात आणि बराचसा खर्च आपल्या खासगीच्या उत्पन्नातून. आपली प्रजा नसलेल्या माणसाच्या रात्रीची काळजी करणारा राज्यकर्ता इतिहासात विरळाच. ज्या समाजात त्या जन्मल्या, त्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या रात्री उघड्यावर काढल्या होत्या. याचा त्यांच्या कामाशी संबंध असेल का, हे कागदपत्रांतून सिद्ध करता येणार नाही. पण मला तो जाणवतो.

या जुन्या वाटांवरून चाललेल्या माणसाचं मराठीतलं उत्तम वर्णन म्हणजे विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे गरीब भिक्षुक दक्षिणा मिळवायला १८५७ साली उत्तरेत निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. झाशी पडताना ते झाशीत होते. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते पुस्तक छापलं. बहुतेक वाचक ते राणी लक्ष्मीबाईसाठी वाचतात. मला त्यातली रोजची वाटचाल आवडते. अनोळखी मुलखात अंगावर जानवं आणि मुखी वेद असलेल्या माणसाला कुठे ना कुठे ओसरी मिळत होती, पान वाढलं जात होतं. रस्त्यावर लुटालूट होती, जिवाला धोका होता, पण जातीने दार बंद केलं असं त्यांच्यावर सहसा आलं नाही.

ज्यांच्यावर आलं, त्यांचीही एक रात्र लिहिलेली आहे. १९०१ च्या सुमाराची गोष्ट. साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघालेली चार मुलं मसूर स्टेशनवर उतरली. चांगले कपडे घातलेली, खिशात पैसे असलेली मुलं. जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. कोणी बैलगाडी देईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एकजण तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान पायी चालणार. रात्री एका टोलनाक्यापाशी थांबले. बरोबर जेवण भरपूर होतं, पाणी नव्हतं. नाकेदाराने पाणी दिलं नाही. मुलं उपाशी, तहानलेली, त्या गाडीतच अंथरूण पसरून झोपली. त्यातल्या एकाचं नाव भीमराव. मोठेपणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत ती रात्र लिहून ठेवली. त्याच आठवणींत बडोद्याचं पारशी विश्रामगृहही आहे. परदेशातून शिकून आलेल्या, राज्याच्या नोकरीत असलेल्या या माणसाला तिथूनही बाहेर काढलं गेलं आणि कुठे जावं या विचारात एका बागेत बसावं लागलं. उषवदाताने नदीच्या दोन्ही तीरांवर पाणपोया केल्या होत्या त्याच महाराष्ट्रातली ही गोष्ट. धर्मशाळांचा इतिहास सांगताना हे पान गाळायचं नसतं.

आणखी एक पान इंग्रजांनी लिहिलं. तोवर या देशात लाखो माणसांचं घरच चालतं होतं. बंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत. मोगलांच्या फौजा त्यांच्यावर जेवल्या, १८०३ च्या लढाईत वेलस्लीच्या फौजेलाही त्यांनी रसद पुरवली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, आमच्या मुलुंडच्या शिवारातून. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट रेल्वेने ओलांडला. बैलांच्या पाठीवरचा माल डब्यांत गेला आणि तांड्यांचा धंदा बसला. मग १८७१ मध्ये सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करता येऊ लागला. फिरणारा माणूस म्हणजे संशयित. नाव नोंदवा, हजेरी द्या, गाव सोडायचं तर परवाना घ्या. कित्येक जमातींना तर सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ठेवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. कागदावर झाल्या, असं म्हणावं लागतं, कारण लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आलं ते १९८० साली. गाढवांवर बिऱ्हाड लादून टोपल्या विणत गावोगाव फिरणारं कैकाडी कुटुंब त्यात आहे. स्वातंत्र्यानंतरचं. ते वाचलं की कळतं की गावाबाहेर पाल ठोकायची म्हणजे सहल नव्हे.

धर्मशाळेचं दार खऱ्या अर्थाने उघडलं ते एका बेघर माणसाने. गाडगेबाबांनी १९०५ साली घर सोडलं ते सोडलंच. हातात खराटा आणि फुटकं मडकं. कीर्तनातून पैसा गोळा केला आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ज्यांना इतर दारं बंद होती त्यांच्यासाठी बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या संस्थेकडे सोपवली. बाबांनी स्वतःसाठी खोली कुठेच ठेवली नाही. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, धावत्या गाडीत त्यांनी देह ठेवला. आज दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. मुंबईत उपचारांइतकाच महाग आहे तो रात्रीचा मुक्काम, हे ज्यांनी इस्पितळाच्या दारातल्या फूटपाथवर रात्री काढल्या आहेत त्यांना विचारा.

आतापर्यंत जे सांगितलं त्यात देणारा वर आणि घेणारा खाली. राजा देतो, शेठ देतो, संत देतो. पण आपल्याकडे एक मुक्काम असा आहे की जिथे पाहुणा यजमानाकडून मोबदला घेतो! धनगरांचा वाडा.

वाडा म्हणजे इमारत नव्हे बरं का. एकत्र फिरणाऱ्या काही कुटुंबांचा तो गट. पावसाळा संपला की देशावरच्या कोरड्या मुलखातून हे वाडे मेंढरं घेऊन निघतात आणि त्यातले कित्येक घाट उतरून ठाणे-रायगडच्या भातखाचरांत येतात. भात कापलेलं असतं, शेत मोकळं असतं. संसार घोड्यांच्या पाठीवर: भांडी, वाकळा, दोरखंड, त्यावर कोंबड्या, कोकरं आणि कधी एखादं मूल. पुरुष मेंढरं चारत मागून येतात. बाया घोडी घेऊन पुढे जातात, जागा पाहतात, चूल मांडतात, पाणी आणतात, मेंढरांसाठी जाळ्याचं कुंपण उभं करतात. त्या जाळ्याला वाघर म्हणतात. अमेरिकेतल्या त्या गाडीत बटण दाबलं की छत बाहेर येतं म्हणे. इथे रोजचं घर रोज दोन हातांनी उभं राहतं आणि सकाळी मोडतं.

हा मुक्काम पडतो शेतकऱ्याच्या शेतात, त्याच्या बोलावण्यावरून. 'मेंढरं बसवणं' म्हणतात त्याला. रात्रभर शेकडो मेंढरं त्या तुकड्यात बसली की लेंड्या आणि मूत्र यांचं उत्तम खत जमिनीत जातं. ते वाहून आणायला नको, पसरायला नको. त्याबद्दल शेतकरी धान्य देतो, हल्ली बहुधा रोख पैसे. मेंढरांना चारा मिळाला, माणसाला दाणा मिळाला, जमिनीला खत मिळालं. कोणी कोणाचा उपकृत नाही. पुण्य नको की परवाना नको. रस्त्यावरच्या रात्रीचा इतका बरोबरीचा करार मला इतिहासात दुसरा सापडलेला नाही.

आणि नेमका हाच करार आता मोडतो आहे. पाणी आलं तिथे ऊस आला, उसात मेंढरू बसत नाही. खताची गोणी दुकानात मिळते. गायरानांवर इमारती आल्या, वनखात्याच्या चराईवर बंदी आली, भातखाचरांचे प्लॉट पडले. नेरळ, कर्जत, टिटवाळ्याकडे लोकलच्या खिडकीतून खाचरं दिसायची तिथे आता 'सेकंड होम'च्या जाहिराती दिसतात. ज्यांना दुसरं घर हवं आहे, त्यांच्यासाठी पहिलंही घर नसलेल्यांची जागा गेली. कळप घेऊन महामार्ग ओलांडायचा म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय अंधारात मेंढी चोरीला गेली, तर उपऱ्या माणसाची तक्रार ऐकणार कोण?

याच महाराष्ट्रात २०२१ साली सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. घरासारख्या गाड्यांतून प्रवाशांनी फिरावं, त्यांना उभं राहायला कॅरॅव्हॅन पार्क असावेत, तिथे पाणी असावं, वीज असावी. चांगली गोष्ट आहे. हौसेने फिरणाऱ्यांचा मला हेवा वाटतो, गुडघे साथ देत असते तर मीही गेले असते. पण ते वाचताना मनात आलं की यातली एकूण एक गरज या राज्यात आधीपासून कोणाची तरी आहे. आमच्या मुलुंडच्या जकातनाक्यावर २०१७ साली जकात बंद होईपर्यंत ट्रकच्या रांगा लागत. वर्षाचे बहुतेक दिवस केबिनमध्ये काढणारे ते ड्रायव्हर गाडीच्या सावलीत स्टोव्ह पेटवून पोळ्या भाजत, कॅनमधल्या पाण्याने अंघोळ करत. त्यांना कोणी पर्यटक म्हटलं नाही. रस्ता अडवतात म्हणून आम्ही नाकं मात्र मुरडली.

आषाढात मात्र आपण वेगळे वागतो. वारीत दिंडीमागे सामानाचा ट्रक असतो, तंबू असतात, पाण्याचा टँकर असतो. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, वाखरी, मुक्काम ठरलेले. त्या रात्री अख्खं गाव अंगण झाडून ठेवतं, शाळा उघडते, भाकरी थापते. लाखो माणसं येतात, एक रात्र राहतात आणि जातात. म्हणजे जागा नाही, पाणी नाही, व्यवस्था जमत नाही हे कारण खरं नाही. येणारा कोण आहे हे पाहून आपण अंगण झाडतो.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी सांगितलं, होतं की आपल्याकडे, आणि अजून आहे. फक्त आपल्याकडे ते निवृत्तीनंतर सुरू होत नाही, जन्मापासून असतं. शासनाने गाड्यांसाठी पार्क जरूर करावेत. त्याबरोबर वाड्यांच्या नेहमीच्या वाटा आणि थांबे नकाशावर आणून तेवढी गायरानं राखली, तिथे एक हातपंप आणि मेंढरांना पाणी प्यायला एक हौद केला, तर उषवदाताच्या खर्चापुढे ते काहीच नाही. मुलांच्या शाळेचं त्याहून अवघड आहे. दर दोन-चार दिवसांनी गाव बदलणाऱ्या मुलाचं नाव कोणत्या हजेरीपटावर घालायचं, हा प्रश्न शिक्षक म्हणून मला आजही सुटलेला नाही.

दिवाळीनंतर कल्याण, शहापूर, कर्जतकडे जाणं झालं तर खाचरात वाडा उतरलेला कदाचित दिसेल. फोटो काढायच्या आधी त्या बाईला विचारा, पाणी कुठून आणता. बहुतेक वेळा ती बोट दाखवते ते फार लांब असतं.